मागची ट्रॉली

१२ ऑगस्ट, संध्याकाळ

जिवतीकडच्या तलावात सोडायला नागभीडहून मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं घेऊन गेलो आणि ट्रॉलीवरच्या टाकीत ती जवळजवळ सगळी मेली. पांढरी, उलटी तरंगत होती.

चूक माझीच. ट्रॉली जोडली की पिकअप मागून दबायची, उसळायची. म्हणून गेल्या आठवड्यात पिकअपला कमानीचे नवे पाटे आणि शॉकअब्झॉर्बर बसवले. मिस्त्री तेव्हाच म्हणाला होता, "सलीमभाऊ, ट्रॉलीलेबी कमानी लावा. तिचे धक्के तुमाले समजणार नाई." मी म्हटलं, पुढच्या वेळी पाहू.

आज केबिनमध्ये पोटातलं पाणी हललं नाही. खुशीत वेगानं हाकली. मागे बिनकमानीची ट्रॉली खड्ड्याखड्ड्यात आपटत होती. टाकीतली हवेची नळी कुठे निसटली, कळलंच नाही.

तलाव बायकांच्या गटाचा. महिनाभर चिखलात उतरून त्यांनी तो साफ केला होता. गटाच्या सुशीलाबाईंनी एक पांढरं पिल्लू तळहातावर घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, रस्त्यात एकदा उतरून पाह्यलं काऊन नाई?"

उतरलो होतो, दोनदा. एकदा चहा प्यायला. दुसऱ्यांदा चाकामागे वाकून नवे पाटे बघायला, कसे बसलेत म्हणून. ट्रॉली तिथून चार पावलांवर होती.