यांचं पडणं

१९ ऑगस्ट, मंगळ.
मंडळाच्या गणपतीत यंदा मुका खेळ, जुन्या मूकपटांसारखा. आमच्या पोरांना मराठी बोलता येत नाही, जर्मन शेजाऱ्यांना कळत नाही, मग बोलायचंच कशाला, असं सेक्रेटरी देशपांडे म्हणाले. शिडी डोक्यात, केक तोंडावर, ढुंगणावर लाथ. पडणारा कोण? आमचे हे. वय बावन्न. मी लाटणं घेऊन मागे धावणारी बायको. ते मला शिकवायला नको.

२१, गुरु.
हे मोबाईलवर ते सिनेमे बघत बसतात. "त्या काळी खरंच पडायचे गं, खाली गादी नाही, काही नाही." हॉलमध्ये दहा वेळा पडले. खालची म्हातारी ओरडली.

२४, रवि.
तालीम नव्हती. हे चहा आणता आणता पडले. कप फुटला. सई हसली, "नोखमाल, पापा!" म्हणजे पुन्हा एकदा. चौदाची घोडी, जर्मनशिवाय तोंड उघडत नाही. मीपण हसले. यांनी उठून वाकून नमस्कार केला. आत जाताना उजवा पाय ओढत होते.

२६, मंगळ.
परत. जिन्यात. बघायला मी एकटी, मग सोंग कुणासाठी? म्हणे "तालीम." डोंबलाची तालीम. डॉक्टरकडे चला म्हटलं. "डॉक्टरच्या भेटीची टर्मिन सहा आठवड्यांनी मिळेल." मग हळूच, "कारखान्यात कळलं तर गाडीवर बसू देणार नाहीत." नव्या गाड्या चालवून तपासायचं काम यांचं. सईला सांगायचं नाही, शपथ घातली. मी घेतली. गाढव मी.

३०, शनि. खेळाचा दिवस.
शिडी यायच्या आधीच पडले. तिथे पडायचंच नव्हतं. हशा. मी लाटणं टाकून उठवायला गेले, आणखी हशा. देशपांडे विंगेतून, "वहिनी, मस्त! चालू द्या!" यांचं तोंड एका बाजूला
मी बोंब मारली, "हसताय काय मेल्यांनो, अँब्युलन्स बोलवा!" त्यालाही टाळ्या. सई एकटी उठून धावली.

३१, रवि. दवाखाना.
डॉक्टरीणबाईने विचारलं, याआधी असं झालं होतं? सईने पडल्याची खूण करून तो जर्मन प्रश्न मला समजावला. यांनी मान हलवली, नाही. मी म्हटलं, दोनदा. सई गर्रकन वळली. "आई, तुला माहीत होतं?" चक्क मराठीत.

१ सप्टें., सोम.
डोक्याचे फोटो काढलेत, उद्या सांगणार. हे माझ्याशी बोलत नाहीत. सईपण नाही. सकाळी चहा दिला तर यांनी डावा हात पुढे केला. हे तर उजव्या हाताचे. मी बघितलं. मी बघितलं ते यांनीही बघितलं.