डंख लागलेला दोर

२ मार्च

आले एकदाची! दादाने बसथांब्यावर माझी सॅक ऐटीत उचलली आणि तितक्याच घाईने खाली ठेवली. दगड भरून आणलेस काय, इथे काय दगडांचा तुटवडा आहे, असं म्हणाला. वहिनीने कपाळाला हात लावला. कडे चढायला शिकवण्याची ही शाळा या दोघांची, आणि मी उद्यापासून तिथली नवी शिक्षिका.

खोली सामानघराला लागून आहे. मध्ये फळ्यांची भिंत. पलीकडे हेल्मेटं, कमरपट्टे आणि खुंट्यांवर दोरांची भेंडोळी. सगळे दोर निळे, एकाच खेपेला आणलेले, म्हणून ओळखायला टोकांना रंगीत चिकटपट्ट्या. खिडकीतून अख्खा कडा दिसतो. वर पुढे आलेल्या खडकाखाली मोहोळ लोंबतंय, चांगलं दाराएवढं. माश्या गरीब आहेत, आपण वाटेला गेलो नाही तर त्याही येत नाहीत, असं दादा म्हणतो. शाळेत असताना माझ्या कमरेला पहिली गाठ यानेच मारली होती. त्याचा शब्द मला पुरतो.

४ मार्च

आज शिकायला आलेले एक दंतवैद्य अर्ध्या कड्यावर असताना माश्या उठल्या. बिचारे सकाळीच सांगत होते, माझ्या खुर्चीत बसल्यावर लोकांना कसं वाटतं ते आज कळलं म्हणून. खाली दोर मी धरला होता. त्यांना भराभर उतरवलं, वहिनीने अंगावर ओलं ब्लँकेट टाकलं, दवाखान्यात नेलं. वाचले. चेहरा इतका सुजला होता की डोळे दिसत नव्हते, तरी माझे आभार मानले.

मोहोळ डिवचलं कोणी? दादाने! आम्हाला कुणाला न सांगता त्याने सकाळी खडकाखाली पालापाचोळा पेटवून धूर दिला होता. रविवारी मोठा गट येतोय, त्याआधी मोहोळ हलावं म्हणे. हे त्याने संध्याकाळी चहा ढवळत सांगितलं, जणू नळाला गळती लागली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

५ मार्च

दंतवैद्यांचा तो दोर अजून खुंटीवर आहे! पिवळ्या पट्टीचा. माश्यांनी दंतवैद्यांबरोबर दोरालाही डंख मारलेत, नांग्या विणीत रुतून बसल्यात. नांगीचा वास म्हणजे बाकीच्या माश्यांना बोलावणं. आणि हे मला शिकवलं कोणी? यानेच. आता म्हणतो, नवाकोरा दोर आहे, साबणाने धुतलाय, उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस.

दुपारी दाराच्या फटीतून माश्या सामानघरात शिरल्या. वहिनीचा साखरेचा डबा तिथे उघडाच होता. त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एवढे दोर टांगलेले, पण बसल्या त्या एकाच दोरावर. दोर हळूहळू जाड झाला, तपकिरी झाला, मग हलायला लागला. वहिनीने दार ओढून घेतलं आणि माझ्यादेखत दादाला वाट्टेल ते बोलली. तुम्ही दोघी राईचा पर्वत करताय, असं म्हणून तो जेवायला बसला. त्याला भूक लागते तरी कशी?

६ मार्च

सकाळपासून फळ्यांपलीकडून गुणगुण. हात लावला तर फळी थरथरते. माझ्या उशीवर एक मेलेली माशी.

दादाला ठणकावून सांगितलं, दोर जाळ, नाहीतर मी निघाले. दुपारी त्याने मला मागे नेऊन राख दाखवली. गुणगुण थांबलीय. त्याला माफ केलेलं नाही, पण उद्या चढेन. गटासाठी कड्याच्या दुसऱ्या टोकाला नवी वाट बांधायची आहे, मोहोळापासून लांब.

७ मार्च

मधल्या कपारीत आहे. पट्ट्याने स्वतःला खडकात ठोकलेल्या बोल्टला अडकवलंय. वही खिशात होती. हात सुजलाय, अक्षर—

काय झालं ते लिहिते. कुणाला तरी कळलं पाहिजे.

मी चढत होते, खाली दोर दादाच्या हातात. इथे पोचले, विसावले, आणि गाठीजवळ विणीत काळी कुसळं दिसली. नांग्या. टोकाला पट्टीचा नुसता चिकट डाग. पट्टी सोलून काढलीय! जाळलं ते दुसरंच काहीतरी. हा दोर कुठेतरी झाकणाच्या पिंपात कोंबून ठेवला असणार, म्हणून गुणगुण थांबली.

खाली बघून तोंडाला येईल त्या शिव्या दिल्या. मग दोघांनाही आवाज ऐकू आला.

त्याने दोर सोडला. पळाला. माझा दादा. प्राण गेला तरी दोर सोडायचा नाही, असं शिकवणारा माझा—

दोरावरून चढत आल्या. ओळीने. कमरेच्या गाठीपर्यंत. ओरडले तर एक तोंडात शिरली. जीभ जड—

गाठ सोडली. बोटं वळेनात. दोर खाली फेकून दिला. त्याच्यामागे सगळ्या गेल्या.

सगळ्या नाही. काही ओठांवर आहेत. पापणीवर. तोंड मिटलं की चावत नाहीत. नुसत्या फिरतात. वाट बघतात—

एक डोळा बंद झाला.

दादा परत आलाय. डोक्यावर ओलं ब्लँकेट. माझ्याकडेच बघत, हात हलवत, गवतातून धावत— दोर तिथेच पडलाय. गवत तपकिरी झालंय. हलतंय. त्याला वाटतंय सगळ्या वर आहेत.

ये. ये ना. तुझाच दोर आहे. भोग आता.

नको. इतका राग आलाय मला, इतका, आणि तरी—

मागे फिर म्हणून हात हलवले. त्याला वाटतंय मी बोलावतेय. आणखी जोरात धावतोय, मूर्ख—

ओठांवरच्या सगळ्या फटीशी जमल्यात. आता दोरावर त्याचा पाय पडेल. तोंड उघडते. दाद—