एका फोनाचं काम

तीर्थस्वरूप मामा,
साष्टांग नमस्कार.

रुचीच्या साखरपुड्यात तुम्ही तिच्या सासऱ्यांना, टेंभरेकाकांना म्हणालात, "तुमच्या धाकट्याची सरकारी नोकरी झालीच समजा. एका फोनाचं काम आहे." मामा, का बोललात? जिल्हा परिषदेचे सभापती होता, तेव्हा तुमच्या फोनने बदल्या व्हायच्या, हे खरे. पण ऐन निवडणुकीत पक्ष बदलून तुम्ही डिपॉझिटही घालवले. आता तहसीलचा शिपाईसुद्धा तुमचा फोन उचलत नाही.

टेंभरेकाका मला रोज विचारतात, "काऊन बाबू, मामाजीनं फोन केला का नाही? लग्नाची तारीख त्याच्यानंतरच काढू." तुमची भाची रुची धड जेवत नाही.

आज सकाळी इथवर लिहिलेले हे पत्र द्यायला आलो, तर तुम्ही इस्त्रीचा कुर्ता घालून ओसरीवर बसला होता. म्हणालात, "टेंभऱ्यांचंच काम करून राहिलो गा. हरल्यापासून माह्याकडं काम घेऊन आलेला तो पहिलाच माणूस आहे."

पत्र खिशातच ठेवले; उरलेले आता घरी येऊन लिहितो आणि पाठवतो आहे. उद्या तिरोड्याला टेंभरेकाकांकडे जाऊन खरे काय ते मीच सांगतो. लग्न मोडले तर रुचीला तोंड मलाच दाखवायचे आहे. तोवर तुम्ही त्यांना आणखी काही कबूल करू नका, एवढी तरी कृपा करा.

तुमचा भाचा,
चंद्रकुमार