ठमीचं कॅल्शियम

३ फेब्रुवारी
आजपासून ठमीचा डाएट माझ्याकडे. बायकोने तिला वासरू असल्यापासून वाढवलं, मान्य. पण माया वेगळी, मॅनेजमेंट वेगळं. गुरांचे डॉक्टर म्हणतात, व्यायच्या आधी कॅल्शियम कमी द्या, म्हणजे हाडांतून काढून घ्यायची शरीराला सवय लागते. नाहीतर व्याल्यावर दुग्धज्वर होऊन गाय खाली बसते. उफराटा न्याय. घरात पिठाचा डबा भरलेला बरा की रिकामा? कॅल्शियमची पावडर डबल केली.

११ फेब्रुवारी
हिला पावडरीचा डबा सापडला. भांडण. गाय तुझी, अक्कल माझी, असं सांगून विषय संपवला. ही त्यानंतरही बराच वेळ बोलत होती.

२० फेब्रुवारी
ठमी व्यायली. कालवड झाली. पावडरीचाच गुण. ही म्हणाली, पहिल्या दिवशी कास रिकामी करायची नसते, वासरापुरतंच काढायचं. अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही. शेवटच्या थेंबापर्यंत पिळली. भरलेल्या बादल्यांचा फोटो साडूला पाठवला. त्याचा नुसता अंगठा आला. जळतो मेला.

२१ फेब्रुवारी, सकाळ
ठमी जरा लटपटते. थकवा असणार. ही म्हणते कान गार पडलेत, डॉक्टरांना बोलवा. थर्मामीटर लावला. ताप नाहीच, उलट कमी. ज्वर नाही तर दुग्धज्वर कुठला? अंगावर ब्लँकेट घातलं. शिवाय डॉक्टर आले की पावडरीचं विचारत बसणार.

दुपार
ठमी बसली. मान कुशीकडे वळवलीय, उठवलं तरी उठत नाही. छान विश्रांती घेतेय. हिने मला न विचारता डॉक्टरांना फोन केला. यावर नंतर बोलावं लागेल.

संध्याकाळ
डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम लावलं. थेंब थेंब, आणि नळी कानाला लावून सारखं तिचं हृदय ऐकणं. कमालीचा संथ माणूस. पण ठमीने कान हलवले, ढेकर दिला. ही तिच्या गळ्याला मिठी मारून रडली. मलाही भरून आलं. डॉक्टर गाडीतून दुसरी बाटली आणायला गेले, लावलेली माझ्या हातात देऊन. म्हणाले, आहे तिथेच धरा, भराभर गेलं तर हृदय बंद पडतं.
हळू जाऊन एवढा गुण, तर मग...
थोडी उंच धरली. थोडीच.
पुढचं उद्या लिहीन.

२२ फेब्रुवारी
ठमीचं हृदय मुळातच कमजोर असावं. काल डॉक्टरांनी विचारलं, बाटली वर केली होती का. नाही म्हणालो. ही नुसती बघत राहिली. माझा हात तेव्हा अजून वरच होता.

२५ फेब्रुवारी
संकल्प: कालवडीचं सगळं डॉक्टरांच्या सल्ल्याने. चार्ट केला. हिला दाखवायला गोठ्यात गेलो तर कालवड नाही. घरात हीही नाही. शेजारी म्हणाले, सकाळीच टेम्पोने बहिणीकडे गेली. म्हणजे साडूकडे.
मघाशी साडूकडून फोटो आला. कालवड बाटलीने दूध पितेय. बाटली हिच्या हातात, खाली धरलेली. कालवडीचं कपाळ अगदी ठमीचं आहे. इतके दिवस मी नीट पाहिलंच नव्हतं.
अंगठा पाठवला.