पत्रकातला एक आकडा

१६ ऑक्टोबर, सोमवार

मशीन लावायचं बाविसावं पत्रक आज पुरं झालं. दहा एमएमचा षटकोनी बोल्ट. तारेची जाडी, कापायची लांबी, डायचा नंबर, मिनिटाला तेलाचे थेंब किती — सगळं रेघा आखून, माझ्या हाताने. मालक सरीनसाहेब म्हणाले, "तरलोचन सिंगजी, छापल्यासारखं अक्षर!" आठवीत शाळा सुटलेल्या माणसाचं अक्षर!

आता नव्या लोकांना याच पत्रकांवरून मशीन शिकवायचं.

फक्त एक गोष्ट. ठोका मारणारा पंच पूर्ण पुढे आला की त्याच्यात आणि डायच्या साच्यात ०.६० एमएमची फट हवी. मी ०.४० लिहिलं. प्रत्येक पत्रकात असा एकेक आकडा चुकवलाय. खरे इथे मागच्या पानावर आहेत.

लुधियानात कुठल्या उस्तादाने सगळं देऊन टाकलंय? माझ्या उस्तादांनी, निरंजन सिंगांनी, मला नऊ वर्षं राबवलं. सेटिंगची वेळ आली की, "जा, चहा सांगून ये." मी परत येईपर्यंत मशीन सुरू! त्यांनी फेकलेले बाद बोल्ट वेचून, घरी मोजून मोजून शिकलो मी. आणि सगळं कागदावर उतरलं तर बावन्नाव्या वर्षी मला विचारणार कोण?

१९ ऑक्टोबर

पॅकिंगमधल्या चार बायका आल्यात शिकायला. त्यातली कुलबीर कौर फार विचारते. "उस्तादजी, बोल्टचं डोकं चिरलं तर दोष तारेचा की ठोक्याचा?"

नेमका प्रश्न! मी म्हटलं, "आधी हात काळे होऊ देत, बीबी."

"काळेच आहेत, उस्तादजी. तुमच्या पत्रकाला डाग नको म्हणून पुसले."

सगळे हसले. मीही.

बायका पत्रकाप्रमाणे मशीन लावतात, मग मी त्यांना बाजूला पाठवतो आणि खऱ्या आकड्यावर आणून शेवटचा हात फिरवतो. मशीन सुरात लागतं. त्यांना वाटतं, जादू आहे.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहू नये असं वाटतंय.

गिऱ्हाईक कंपनीचा तपासनीस आला होता. शिकाऊ माणूस पत्रकावरून एकट्याने मशीन लावतो का, ते पाहायला. उस्तादाने पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर उभं राहायचं! हे मला ठाऊक नव्हतं.

कुलबीर पुढे आली. सहा वर्षं खोके भरलेत, पास झाली की ऑपरेटरची श्रेणी मिळणार होती. चाक हाताने फिरवून पंच पुढे आणला, फटीत मापाची पाती घातली. ०.४०. तपासनीसाने पत्रकाशी ताडून पाहिलं, बरोबर म्हणून मान हलवली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पगडी नीट करत होतो.

नट आवळला, मशीन सुरू केलं. चौथ्या-पाचव्या ठोक्याला कडाड! पंचाचे दोन तुकडे. एक समोरच्या जाळीवर आदळला. जाळी लावलेली होती म्हणून —

साहेब धावत आले. "उस्तादजी, पत्रक बरोबर आहे ना?"

"पत्रक बरोबर आहे," मी म्हणालो. "नट आवळताना हिचं सेटिंग सरकलं असेल."

तिने ऐकलं.

२८ ऑक्टोबर

तिला परत पॅकिंगला पाठवलं.

३० ऑक्टोबर

आज फाटकाजवळ दिसली. "सत श्री अकाल, उस्तादजी." रोजच्याच आवाजात. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मी उत्तर दिलं असतं.

घरी पराठा पुढ्यात तसाच. बायको म्हणाली, "मीठ कमी झालं का?" नाही म्हटलं. जेवलो नाही.

२ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत ब्लेड आणि पेन घेऊन गेलो. आकडा खरवडून ०.६० करायचा आणि गप्प बसायचं, एवढंच मनात. पाहतो तर सगळी पत्रकं प्लॅस्टिकमध्ये पक्की केलेली! साहेब मागून म्हणाले, "तुमचं अक्षर पन्नास वर्षं टिकलं पाहिजे!"

ब्लेड खिशात घातलं. चोरासारखं.

४ नोव्हेंबर

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि हसले!

"अहो, आमच्या वडिलांकडचा उस्ताद तर फळ्यावरही उलटं लिहायचा. नवीन पत्रकं करा, जुनी जाळून टाकू."

"आणि कुलबीर कौर?"

"तिला पॅकिंगची सवय आहे. गिऱ्हाइकाला काय सांगू, आमचा उस्ताद खोटं लिहितो?"

मी होकारार्थी मान हलवली. हलवली! बावीस पत्रकांचं पाप एकीकडे, ही मान एकीकडे.

११ नोव्हेंबर

पत्रकं पुन्हा लिहिली. बावीसच्या बावीस. आकडे खरे. अक्षर तेवढं चांगलं आलेलं नाही.

१३ नोव्हेंबर, विश्वकर्मा दिन

मशीनं धुतली, हार घातले, पाने-पंच-डाय सगळं बाबा विश्वकर्मांच्या तसबिरीपुढे. अरदासची प्रार्थना झाली. मग साहेबांनी मला पुढे बोलावलं. हातात सन्मानाचं वस्त्र, सिरोपा. "ज्यांनी हातचं काही न राखता शिकवलं —"

त्यांना ठाऊक असून!

मी म्हटलं, "साहेब, थांबा. सत्तावीस तारखेला कुलबीर कौरचं सेटिंग सरकलं नव्हतं. पत्रकातला आकडा खोटा होता. मी मुद्दाम लिहिला होता. एक नाही, बावीस."

शेजारच्या मशीनवरचा रामशरण पुटपुटला, "उस्तादजी, आधी लाडू तरी खाऊ द्यायचे!" कुणी हसलं नाही. साहेबांनी सिरोपा घडी करून टेबलावर ठेवला. कुलबीर फरशीकडे पाहत होती. बाकी तिघी तिच्याकडे.

घरी चालत आलो. अडीच कोस.

१४ नोव्हेंबर

साहेब माझ्याशी बोलत नाहीत. पण तपासनीसाला फोन केला म्हणे. उद्यापासून कुलबीर मशीनवर. परीक्षा परत होईल.

१५ नोव्हेंबर

नवीन पत्रक तिच्या हातात दिलं. तिने वाचलंच नाही.

"०.६० ना? पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे, उस्तादजी. तुम्ही हात फिरवून गेलात की मी मोजून ठेवायचे."

"मग त्या दिवशी ०.४० का लावलंस?"

"बोल्टची डोकी चिरतील एवढंच वाटलं होतं. पंच जाईल असं नव्हतं वाटलं." पाती पुसता पुसता म्हणाली, "तपासनीस पत्रक घेऊन ताडायला उभे होते. मी ०.६० लावलं असतं आणि मशीन सुरात चाललं असतं, तर सगळ्यांसमोर खोटं कोण ठरलं असतं?"