चिलटांची सोयरीक

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
पांझराकाठ जीवशास्त्र संशोधन मंडळ,
धुळे.

अर्जदार : सौ. योगिता गोपाल बोरसे, राहणार नवागाम, सुरत.

विषय : चिलटांच्या दोन वंशांचे मिश्रण झाले की नाही, याबाबत मंडळाचे म्हणणे एकदाचे ठरवून संशोधनास सहा महिने मुदतवाढ मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले जून १९९७ चे पत्र (मिश्रण झाले, सबब नोंदणी रद्द का करू नये?).
२) आपले जुलै १९९७ चे पत्र (मिश्रण झाले नाही, सबब मुदतवाढ नाही).

महोदय,

१. अर्जदार हा तिसरा अर्ज करीत आहे. पहिल्या दोन अर्जांत ती फार नम्र होती. त्याचा काय उपयोग झाला, ते वरील संदर्भांवरून आपल्या ध्यानी येईलच.

२. प्रकरण नव्याने हाती घेणाऱ्यासाठी थोडक्यात खुलासा असा, की अर्जदार ही प्रबंधासाठी मंडळाकडे नोंदणी करून फळमाशीवर, म्हणजे आपण घरी ज्याला चिलट म्हणतो त्याच्यावर, संशोधन करते. एकाच आईबापाची चिलटे तिने दोन भागांत वाटली. एका भागाला पिढ्यानपिढ्या ज्वारीची लापशी, दुसऱ्याला कुस्करलेले केळे. चिलटाची पिढी पंधरवड्यात पालटते, त्यामुळे माणसाच्या कित्येक शतकांचे काम तीन वर्षांत होते. मधल्या काळात दोघांची गाठ पडू द्यायची नाही. मग एक दिवस समोरासमोर आणायचे आणि पाहायचे, ती एकमेकांना आपली मानतात की परकी. एका जातीच्या दोन जाती होतात त्या अशा दुराव्यातून होतात का, एवढाच प्रश्न आहे. अर्जदाराच्या मते तो लहान नाही.

३. सदर संशोधन नवागामातल्या एका खोलीच्या माळ्यावर चालते. मंडळाकडे प्रयोगशाळा मागितली असता "अर्जदार गुजरात राज्यात राहते" असे उत्तर आले. असो. काचेच्या बाटल्या, त्यांना कापसाचे बोळे. दोन्ही वंश ओळखू यावेत म्हणून ज्वारीत लाल आणि केळ्यात हिरवा खाण्याचा रंग घालतात, तो चिलटांच्या पोटातून दिसतो. पिकल्या केळ्याच्या वासाने शेजारीपाजारी नाके मुरडतात. सुरतेत प्लेग आला तेव्हा लोक भांडीकुंडी टाकून पळाले, अर्जदार बाटल्या उराशी धरून भुसावळ पॅसेंजरमध्ये उभी होती. अर्जदाराचे पती पांडेसऱ्याला रंगाईच्या कारखान्यात आहेत. त्यांनी या चिलटांपायी केलेली चेष्टा येथे लिहीत नाही.

४. आता मूळ घटना. खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. अर्जदारही तीन वर्षांत पहिल्यांदा गेली. बाटल्या सासूबाईंच्या, म्हणजे सरलाबाईंच्या, हवाली केल्या. त्या लापशी अर्जदारापेक्षा चांगली शिजवतात आणि एकही बोळा सैल ठेवत नाहीत. त्यांच्याविषयी तिळमात्र शंका नव्हती आणि आजही नाही.

५. परंतु सासूबाईंनी मागे एकदा विचारले होते, की एका बाटलीतली सगळी एकमेकांची कोण? अर्जदाराने सरळ सांगितले, भाऊबहीण. मग त्यांची पोरे होतात कशी? तेही सांगितले. तेव्हापासून त्या बाईंच्या जिवाला घोर लागला होता, हे अर्जदाराच्या लक्षात आले नाही. "एकज मायबापना पोरे, आनि त्यासनंज लगीन? मना घरमा हाई पाप नको," असे त्या अहिराणीत पुटपुटत, आणि अर्जदार हसण्यावारी नेई.

६. अखाजीचा मुहूर्त पंचांग न पाहता धरतात. सासूबाईंनी त्या दिवशी घागर भरली, पूर्वजांना आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि माळ्यावर चढून प्रत्येक ज्वारीच्या बाटलीत केळ्याकडची चिलटे सोडली. म्हणजे दुसऱ्या घराशी सोयरीक केली. वरून अक्षता टाकल्या. अर्जदार परत आली तेव्हा बाटल्यांच्या तळाशी कुंकू लावलेले तांदूळ होते. अर्जदार जिन्यातच बसली आणि रडली. तीन वर्षे हो, साहेब! तिला रडताना पाहून सासूबाईंना आपल्या हातून काय झाले ते उमगले.

७. अर्जदाराने हे सर्व खरे खरे कळवले. दडपले असते तर आज हा अर्ज लिहावा लागला नसता. उत्तरादाखल संदर्भ क्र. १ आले : वंश मिसळले, संशोधन बाद, नोंदणी रद्द का करू नये? शिवाय "दोषी व्यक्तीवर काय कारवाई केली ते कळवावे." तर कळवते, की कारवाई केलेली नाही व होणार नाही. मंडळात नोंदणी नव्हती तेव्हाही त्या अर्जदाराच्या सासूबाई होत्या.

८. पुढे एकदा भाकरी थापता थापता सासूबाईच चिडून म्हणाल्या, "इतली चांगली सोयरीक जमाडी, पन कोनी कोनाकडे देखस नही. लाल पोटना लालकडेज जातस." अखाजीच्या दिवशी त्या वऱ्हाडाच्या हौसेने बाटल्यांपाशी बसून होत्या, आणि एकही लाल-हिरवे जोडपे लागले नाही म्हणून हिरमुसल्या होत्या. अर्जदाराच्या हातातला तांब्या तसाच राहिला. हे खरे असेल तर तीन वर्षे फुकट गेलेली नाहीत. उलट जे शोधायचे तेच सापडले आहे! पण एका बाईने एका दुपारी पाहिले, एवढ्यावर प्रबंध होत नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळ्यांनी तीच ज्वारी खाल्ली आणि सगळ्यांचीच पोटे लाल झाली. त्या बाटल्यांतली संतती पुन्हा वेगळी करून, रंग देऊन, नीट मोजून तपासायला सहा महिने लागतील. तेवढेच अर्जदाराने दुसऱ्या अर्जात मागितले.

९. त्यावर संदर्भ क्र. २ आले. चिलटे मिसळलीच नाहीत, त्याअर्थी नुकसान नाही. नुकसान नाही, त्याअर्थी मुदतवाढीस कारण नाही. प्रबंध सप्टेंबरअखेर द्यावा. छान. पण मग क्र. १ मागे घेतले का? नाही. विचारले असता "दोन्ही पत्रे कायम आहेत" असे कार्यालयाने फोनवर सांगितले. म्हणजे मिसळली म्हणून नोंदणी जाणार, आणि मिसळली नाहीत म्हणून मुदत मिळणार नाही. दोन्ही पत्रांवर सही आपलीच आहे. चिलटांना निदान आपले कोण ते कळते, साहेब.

१०. अर्जदाराचे वय पाहता एकदा नोंदणी गेली की पुन्हा होणार नाही. तिच्याजवळ दुसरे काही नाही. अर्जदार संतापली आहे, हे लपवण्याची तिची इच्छा नाही.

११. अर्जदार जिन्यात रडली त्या दिवसापासून सासूबाई माळ्यावर चढत नाहीत. लापशी शिजवून जिन्याच्या पायरीवर ठेवतात. पोस्टमन आला की पहिल्या त्या उठतात आणि विचारतात, साहेबांनी काय लिहिले? सुनेचे शिक्षण आपण बुडवले का, एवढेच त्यांना ऐकायचे आहे. त्यांना वाचता येत नाही. आपल्या दोन पत्रांपैकी कोणते वाचून दाखवावे ते अर्जदारास ठरवता येत नाही, म्हणून तिने अजून एकही वाचून दाखवलेले नाही. "उत्तर यायचे आहे," असे ती दर वेळी सांगते.

१२. तरी मेहेरबानी करून सहा महिने द्यावेत. आणि तेही जमत नसेल तर निदान एकच उत्तर द्यावे, आणि ते एका म्हाताऱ्या बाईला मोठ्याने वाचून दाखवता येईल असे असावे.

खऱ्या उत्तराची वाट पाहणारी,
सौ. योगिता गोपाल बोरसे
नवागाम, सुरत
दि. ४ ऑगस्ट १९९७

सोबत :
१) आपले जूनचे पत्र.
२) आपले जुलैचे पत्र.
३) बाटलीच्या तळाशी सापडलेल्या अक्षता, पुरावा म्हणून. (काम झाल्यावर परत पाठवाव्यात. त्या देवापुढे ठेवायच्या म्हणून सासूबाई मागत आहेत.)