'अहो' नावाचं प्रकरण

मंगळवार, १२ मार्च

प्रिय ठमे,

आज सकाळी खिडक्या पुसल्या. दुपारी आत्या डबा घेऊन आली, म्हणून जेवलो. मग तुझ्या आईच्या कादंबरीची पानं शिवायला घेतली. तिला जाऊन आज महिना झाला.

कादंबरीत दिवस एकच आहे, अकरा वर्षांपूर्वी तू घर सोडलंस तो. प्रकरणं मात्र वेगवेगळ्या माणसांच्या तोंडची. तुझ्या प्रकरणात आहे, 'बाबा खोलीतून बाहेरसुद्धा आले नाहीत.' आत्याच्या प्रकरणात मी घुम्या आहे. तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, यात खोटं काय आहे, दादा? समोरच्या शिंपीणबाईंना नुसतं बंद दार दिसलं.

मध्येच आठ कोरी पानं निघाली. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, पण हे सोडून एकही वाचत बसलो नाही. चुकून आली असतील म्हणून पट्टी लावून कापणारच होतो. तेवढ्यात पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: 'अहो'. खाली काही नाही.

आजारपणात तिने दोनदा विचारलं होतं, "अहो, त्या दिवशी आत काय करत होता?" मी म्हणालो, बरी हो, मग सांगतो. तिने जागा ठेवली.

तुझ्या प्रमाणपत्रांसाठी पुठ्ठ्याची फाईल करत होतो. खळ ओली होती, हात काढला असता तर पुठ्ठा वाकला असता. तू दाराशी थांबलीस, तेही ऐकलं. खळ सुकायची होती म्हणून उठलो नाही, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे फाईल हातात दिली की 'जा' म्हटल्यासारखं झालं असतं. तू तशीच गेलीस. फाईल कपाटात आहे. वाकलेली नाही.

आत्या म्हणते, लेकीला सांग, ती लिहील ते प्रकरण. तू छानच लिहिशील, पण ते पुन्हा तुझंच प्रकरण होईल. म्हणून हे पत्र. मला लिहिता येतं ते एवढंच. त्या दिवसात तू आहेस, तेव्हा आधी तुला विचारतो. चालणार असेल तर हे कागद परत पाठव, त्या जागी शिवीन. नाहीतर कोरी पानं तशीच राहतील. कापणार नाही. शेवटची गाठ अजून मारलेली नाही.

आता खळीचा ब्रश धुऊन ठेवतो.

तुझाच,
घुम्या बाप